रात्रीची पाळी आणि झोपेची उधारी

नागपूरहून संध्याकाळी पुण्याकडे निघालेली खासगी बस समृद्धी महामार्गाने बुलढाणा जिल्ह्यात शिरते, तेव्हा साधारणत: मध्यरात्र झालेली असते. पुण्याहून रात्री सुटलेली बसही छत्रपती संभाजीनगर आणि जालना मागे टाकून याच पट्ट्यात येते ती रात्री दोन ते चारच्या सुमारास. मेहकर ते सिंदखेडराजा असा सुमारे ८७ किलोमीटरचा हा पट्टा. माणसाचे शरीर ज्या तासांत झोपेची सर्वाधिक मागणी करते, नेमक्या त्याच तासांत दोन्ही दिशांचे चालक येथून जात असतात.

१ जुलै २०२३ रोजी रात्री दीडच्या सुमारास सिंदखेडराजाजवळ पिंपळखुटा शिवारात नागपूरहून पुण्याकडे जाणारी खासगी बस खांबाला आणि दुभाजकाला धडकून उलटली व तिने पेट घेतला. बसमधील ३३ जणांपैकी २५ जणांचा मृत्यू झाला. मृतांपैकी बहुतेकांवर दुसऱ्या दिवशी बुलढाण्यातच सामूहिक अंत्यसंस्कार करावे लागले. टायर फुटल्याने अपघात झाल्याचे प्रथम सांगण्यात आले. परिवहन विभागाच्या पाहणीत मात्र टायर फुटल्याच्या खुणा आढळल्या नाहीत आणि चालकाला डुलकी लागल्याचा संशय पुढे आला. त्यानंतर चालकाच्या रक्तात मद्याचा अंश आढळल्याच्या बातम्या प्रयोगशाळेच्या अहवालाच्या हवाल्याने प्रसिद्ध झाल्या.

अशा प्रत्येक अपघातानंतर तपासाची एक अडचण समोर येते. टायर तपासता येतो, वेग काढता येतो, मद्याचे प्रमाण मोजता येते. चालक गेल्या आठवड्यात किती तास झोपला होता, हे मात्र कोणत्याही रक्ततपासणीत दिसत नाही. त्याच महिन्यात २९ जुलैला मलकापूरजवळ राष्ट्रीय महामार्गावर दोन खासगी बसगाड्यांची धडक होऊन सहा जण दगावले. ती वेळही पहाटेपूर्वीचीच होती. त्या अपघाताचे कारण झोप होती, असे कोणी सिद्ध केलेले नाही. परंतु रात्री दोन ते पहाटे सहा ही वेळ जगभरच्या रस्ता सुरक्षेच्या अभ्यासकांच्या यादीत नेहमीच वरच्या स्थानी असते.

झोपेचा हा प्रश्न केवळ चालकांचा नाही. शासकीय रुग्णालयांतील परिचारिका, रुग्णवाहिकेवरील कर्मचारी, खामगावच्या औद्योगिक वसाहतीतील तीन पाळ्यांचे कामगार, कापसाच्या हंगामात रात्रंदिवस चालणाऱ्या जिनिंगमधील मजूर, मलकापूर, नांदुरा आणि शेगावच्या रेल्वे स्थानकांवरील कर्मचारी, एटीएमसमोर बारा-बारा तास उभे राहणारे सुरक्षारक्षक आणि एसटीचे चालक-वाहक हे सारे एकाच रांगेत उभे आहेत. त्यांना 'आठ तास झोपा' असे सांगणे सोपे आहे. ती झोप केव्हा, कोठे आणि कशी घ्यायची, हा खरा प्रश्न आहे.

शरीराची दोन गणिते

झोप दोन गोष्टींवर अवलंबून असते. पहिली म्हणजे जागेपणाचा साठत जाणारा भार. माणूस जितका वेळ जागा राहतो, तितके मेंदूत ॲडेनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते आणि झोपेची ओढ वाढते. झोप झाली की हा साठा उतरतो. दुसरी गोष्ट म्हणजे शरीराचे अंतर्गत घड्याळ. मेंदूच्या तळाशी असलेला पेशींचा एक लहानसा पुंजका डोळ्यांवर पडणाऱ्या प्रकाशाच्या आधारे हे घड्याळ चालवतो. या घड्याळाची पेशींमधील यंत्रणा उलगडून दाखवल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

अंधार पडला की मेलाटोनिन हे संप्रेरक स्रवू लागते. शरीराचे तापमान हळूहळू उतरते आणि पहाटे चार-पाचच्या सुमारास ते सर्वांत खाली असते. या वेळी सावधपणाही तळाला जातो. दुपारी दोन ते चारच्या दरम्यान अशीच एक लहान उतरण येते. जेवणानंतर येणाऱ्या सुस्तीचा दोष आपण वरणभाताला देतो, पण तो एकट्या वरणभाताचा नाही.

रात्रपाळीत ही दोन्ही गणिते एकाच वेळी कामगाराच्या विरुद्ध जातात. जागेपणाचा भार वाढलेला असतो आणि घड्याळही झोपेकडे झुकलेले असते. सकाळी घरी आल्यावर याच्या उलट घडते. अंग थकलेले असते. परंतु उजाडताच घड्याळ शरीराला जागे करू लागते. त्यामुळे रात्रपाळी करणाऱ्यांची दिवसाची झोप रात्रीच्या झोपेपेक्षा सर्वसाधारणपणे दोन ते चार तासांनी कमी भरते. 'दिवसभर झोपूनही झोप झाली नाही' ही तक्रार आळसाची नसते.

प्रौढ माणसाला दररोज किमान सात तास झोप हवी, असे झोपेच्या तज्ज्ञांच्या संघटनांचे मत आहे. पाच दिवस पाच-पाच तासच झोप मिळाली, तर दहा तासांची उधारी होते. एका रविवारी उशिरापर्यंत झोपून ती पुरती फिटत नाही.

'सवय झाली' हा भ्रम

'आम्हाला सवय झाली आहे', हे वाक्य ढाब्यावरच्या बाजेपासून रुग्णालयाच्या वॉर्डापर्यंत सर्वत्र ऐकू येते. त्याची परीक्षा प्रयोगशाळेत झालेली आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हानिया विद्यापीठातील संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निरोगी व्यक्तींना सलग १४ दिवस ठरावीक तासच अंथरुणात राहू दिले. दररोज सहा तासांवर ठेवलेल्या गटाची लक्ष देण्याची क्षमता दिवसेंदिवस घसरत गेली आणि दोन आठवड्यांअखेर ती पूर्ण जागरण केलेल्या माणसांच्या पातळीपर्यंत खाली आली. विशेष म्हणजे या व्यक्तींना स्वत:ला मात्र तितकी झोप येत असल्याचे जाणवत नव्हते. पहिल्या काही दिवसांनंतर त्यांची तक्रार स्थिरावली, पण त्यांच्या चुका वाढतच राहिल्या. सवय होते ती पेंगुळलेपणाची. आपण पेंगुळलेलो आहोत हे ओळखण्याची शक्तीच कमी झालेली असते.

दुसरी तुलना अधिक परिचित मोजमापाची आहे. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९७ मध्ये जागरणाची आणि मद्याची तुलना केली. सलग १७ तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसासारखा वागतो आणि २४ तासांच्या जागरणानंतर ही पातळी सुमारे ०.१० टक्क्यांएवढी होते, असे त्यांना आढळले. भारतात वाहन चालवताना १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के, ही मद्याची कायदेशीर मर्यादा आहे. सकाळी सातला उठलेला, दिवसभर घरची कामे उरकून संध्याकाळी गाडीवर चढलेला चालक रात्री बारा वाजता १७ तास जागा असतो. त्याने थेंबभरही मद्य घेतलेले नसले, तरी त्याचा हात आणि डोळा त्या मर्यादेच्या पलीकडे गेलेला असू शकतो. नाक्यावरचे श्वासतपासणी यंत्र त्याला सोडून देईल.

डुलकीसाठी डोळे पूर्ण मिटावेच लागतात असे नाही. काही सेकंदांपुरता मेंदू झोपी जातो, डोळे कधी उघडेही असतात आणि नंतर त्या माणसाला ते आठवत नाही. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन सेकंदाला सुमारे २८ मीटर पुढे जाते. चार सेकंदांची झापड म्हणजे चालकाविना कापलेले ११० मीटर अंतर. सरळ, एकसुरी, सिग्नल व वस्ती नसलेल्या रस्त्यावर ही झापड लवकर येते. समृद्धीवरील अपघातांनंतर 'हायवे हिप्नोसिस' हा शब्द जो मराठी वाचकांच्या कानावर वारंवार पडला, तो याच अवस्थेबद्दल.

झापड येण्यापूर्वी शरीर इशारे देते. सतत जांभया येणे, मान झुकणे, गाडी पट्टीवरून सरकणे, मागचे दोन-तीन किलोमीटर कसे गेले ते न आठवणे आणि एखादा फलक नजरेतून सुटणे ही त्यातील नेहमीची लक्षणे. अशा वेळी काच उघडणे, गाणी मोठ्याने लावणे, तोंडावर पाणी मारणे किंवा तंबाखू मळणे यांनी काही मिनिटे बरे वाटते, झोप हटत नाही. खरा उपाय एकच. पुढच्या पेट्रोल पंपावर किंवा सुविधा केंद्रावर गाडी थांबवून झोपणे. द्रुतगती मार्गाच्या कडेला अंधारात गाडी उभी करणे मात्र तितकेच धोक्याचे असते.

घाटाखालची दुपार

पाठ्यपुस्तकातील सल्ला असा असतो की दिवसा झोपताना खोली अंधारी, शांत आणि थंड असावी. बुलढाणा जिल्ह्यात या तिन्ही गोष्टी मिळवणे हे स्वतंत्र काम आहे. बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेले असल्याने तेथे उन्हाळा त्या मानाने सुसह्य असतो. घाटाखालच्या खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर, जळगाव जामोद या भागात एप्रिल-मे महिन्यांत पारा सहज चाळिशीच्या वर जातो. रात्रपाळी करून आलेला कामगार टिनपत्र्याच्या खोलीत सकाळी नऊला आडवा होतो आणि अकराच्या पुढे पत्रा तापू लागला की घामाने भिजून उठतो. झोप लागण्यासाठी शरीराचे तापमान उतरावे लागते. तापलेल्या खोलीत ते उतरत नाही. म्हणून उन्हाळ्यात या कामगाराची झोप आणखी तुटते.

यावर थोड्या खर्चाचे उपाय आहेत. घरात येताच, उन्हे चढण्यापूर्वी झोपणे हा त्यातील पहिला. चहा-नाष्टा, वर्तमानपत्र, बाजारहाट यांत दोन तास गेले की थंड वेळ हातची निघून जाते. झोपण्याची खोली शक्यतो उत्तरेची किंवा खालच्या मजल्यावरची असावी. पत्र्याला वरून चुन्याचा पांढरा थर दिल्यास किंवा त्यावर तुराट्या व गवताचे आच्छादन टाकल्यास खोलीचा ताप कमी होतो. वऱ्हाडातल्या कोरड्या उन्हाळ्यात पाण्याचा कूलर चांगला चालतो, मात्र त्यासाठी समोरची खिडकी थोडी उघडी ठेवावी लागते. अन्यथा खोलीत दमट हवा कोंडते. पावसाळ्यात कूलरचा उपयोग नसतो, तेव्हा पंखाच बरा. झोपण्यापूर्वी कोमट पाण्याने केलेली अंघोळ शरीर थंड होण्यास मदत करते.

अंधारासाठी जाड, गडद पडदे घ्यावेत. ते परवडत नसतील तर खिडकीवर काळे कापड लावावे किंवा डोळ्यांवर स्वच्छ पट्टी बांधावी. प्रकाशाचे हे पथ्य खरे तर रस्त्यातच सुरू होते. कामावरून घरी येताना सकाळचे कोवळे ऊन डोळ्यांवर पडले की मेंदूला दिवस उजाडल्याचा निरोप जातो. दुचाकीवर नसाल तर टोपी आणि गडद चष्मा उपयोगी पडतो. स्वत: वाहन चालवणाऱ्याने मात्र झोपेत भर घालणारा असा उपाय टाळलेला बरा. रात्रपाळीनंतरचा घरचा प्रवास हाच अनेकदा त्या पाळीतला सर्वांत धोक्याचा भाग असतो. शक्य तेथे बसने जावे, नाहीतर निघण्यापूर्वी कामाच्या ठिकाणीच वीस मिनिटे डोळे मिटावेत.

आवाजाचा प्रश्न कापसाच्या बोळ्यांनी किंवा औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या इअरप्लगने थोडा सुटतो. भांडी, दूरदर्शन संच, दारावरची घंटा आणि मोबाइल हे त्याहून अवघड असतात, कारण ते घरच्यांच्या हातात असतात. रात्री दोन वाजता कोणी कोणाच्या घरी गॅस सिलिंडरची चौकशी करायला जात नाही. दुपारी बाराला मात्र 'दादा आहेत ना घरी?' असे विचारत सारे येतात. रात्रपाळीच्या माणसाची दुपार ही त्याची मध्यरात्र आहे, हे घरात सांगून ठेवावे लागते. दारावर पाटी लावणाऱ्यांना कोणी हसले तरी तो उपाय चालतो.

सलग सात तास झोप येतच नसेल, तर ती दोन तुकड्यांत घेता येते. सकाळी आल्यावर चार-पाच तास आणि पाळीवर जाण्यापूर्वी संध्याकाळी दीड-दोन तास. सलग झोपेची सर त्याला येत नसली, तरी एकूण बेरीज महत्त्वाची असते. रात्रपाळीच्या आठवड्यातील पहिल्या दिवशी दुपारी आगाऊ झोप घ्यावी. अनेक जण त्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे उठून दिवसभर जागे राहतात आणि थेट रात्री कामावर जातात. पहाटेपर्यंत त्यांचे जागरण २२-२३ तासांचे झालेले असते. आठवडा संपल्यावर शेवटच्या सकाळी दोन-तीन तासच झोपून त्या रात्री लवकर आडवे व्हावे, म्हणजे घड्याळ लवकर मार्गी लागते.

चहा, डुलकी आणि गोळ्या

चहा-कॉफीतील कॅफिन ॲडेनोसिनचा परिणाम काही काळ अडवून ठेवते. झोपेचा भार उतरत नाही, तो जाणवत नाही एवढेच. घेतलेल्या कॅफिनचा निम्मा भाग शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. म्हणून पाळीच्या पहिल्या अर्ध्या भागात चहा घ्यावा आणि झोपण्याच्या वेळेआधी पाच-सहा तास तो बंद करावा. सकाळी सातला घरी निघणाऱ्याने पहाटे पाचला घेतलेला कडक चहा सकाळी नऊच्या झोपेत वाटेकरी होतो. नेमका तोच कप सर्वांत प्रिय असतो, ही अडचण.

कामाच्या मधल्या सुटीत घेतलेली १५ ते २० मिनिटांची डुलकी चहाहून सरस ठरते. अमेरिकेच्या नासा या संस्थेने लांब पल्ल्याच्या वैमानिकांवर केलेल्या आणि १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४० मिनिटांची विश्रांती देण्यात आली. त्यात वैमानिक सरासरी २६ मिनिटे झोपले आणि उतरण्याच्या टप्प्यावर न झोपलेल्या सहकाऱ्यांपेक्षा अधिक सावध राहिले. अर्धा तास उलटला की झोप गाढ होऊ लागते आणि मधेच उठल्यास डोके जड राहते. त्यामुळे उठल्यावर लगेच स्टिअरिंग किंवा इंजेक्शनची सुई हाती घेऊ नये, दहा-पंधरा मिनिटे जाऊ द्यावीत. कॅफिनचा परिणाम सुरू होण्यास अर्ध्या तासाच्या आसपास वेळ लागत असल्याने चहा पिऊन लगेच डुलकी घेण्याची युक्तीही काही चालक वापरतात. ती शास्त्राला धरून आहे.

मद्याने झोप लवकर लागते, पण ती उत्तररात्री तुटते आणि तिचा कस राहत नाही. झोपेच्या गोळ्या डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय घेऊ नयेत. त्यांचा अंमल काही वेळा पुढच्या पाळीपर्यंत टिकतो. जागे राहण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या उत्तेजक गोळ्यांचा तर विचारही करू नये. जेवण पाळीपूर्वी पोटभर आणि मध्यरात्रीनंतर हलके असावे. पहाटे तीनला ढाब्यावर तर्रीदार रस्सा चापणारा चालक पित्त आणि पेंग दोन्ही सोबत घेऊन निघतो.

परिचारिकेची सकाळ

शासकीय रुग्णालयांत सर्वसाधारणपणे सकाळी आठ ते दोन, दुपारी दोन ते आठ आणि रात्री आठ ते सकाळी आठ अशा पाळ्या असतात. रात्रपाळी बारा तासांची असते आणि ती सलग काही दिवस येते. सकाळी रुग्णांची सूत्रे पुढच्या पाळीकडे सोपवून, रजिस्टर पूर्ण करून निघेपर्यंत साडेआठ-नऊ होतात. पुरुष कामगार घरी येऊन झोपतो. परिचारिका घरी येते तेव्हा शाळेचा डबा, धुणे आणि स्वयंपाक तिची वाट पाहत असतात. तिच्या झोपेचे पहिले दोन तास येथेच जातात. तिच्यासाठी झोपेचा सर्वांत परिणामकारक उपाय कोणत्याही औषधात नाही. रात्रपाळीच्या आठवड्यात सकाळचा स्वयंपाक घरातल्या दुसऱ्या कोणी करणे, हा तो उपाय.

पाळ्यांचा क्रमही महत्त्वाचा असतो. सकाळ, मग दुपार, मग रात्र असा पुढे सरकणारा क्रम शरीराला उलट्या क्रमापेक्षा सोपा जातो, कारण उशिरा झोपणे हे लवकर झोपण्यापेक्षा सुलभ असते. दुपारपाळी रात्री आठला संपवून दुसऱ्या दिवशी सकाळी आठला पुन्हा हजर व्हायचे असेल, तर मधल्या बारा तासांत प्रवास, जेवण आणि घरकाम वजा जाता झोपेला सहा तासही उरत नाहीत. पाळीपत्रक तयार करणाऱ्याच्या लेखणीत बरीच झोप असते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये शरीराचे घड्याळ बिघडवणाऱ्या पाळीच्या कामाला कर्करोगास 'बहुधा कारणीभूत' गटात ठेवले. २०१९ मध्ये फेरतपासणी करून रात्रपाळीबाबत हेच वर्गीकरण कायम ठेवण्यात आले. मधुमेह आणि हृदयविकार यांच्याशीही दीर्घकालीन पाळीच्या कामाचा संबंध आढळतो. रात्रपाळी केली म्हणजे हे आजार होतीलच असे नाही, परंतु ती वर्षानुवर्षे करणाऱ्याने रक्तदाब आणि साखर नियमित तपासणे शहाणपणाचे ठरते.

शेतातली रात्रपाळी

पाळीपत्रकात नाव नसलेला एक मोठा वर्गही या जिल्ह्यात रात्री जागा असतो. कृषिपंपांना चक्राकार पद्धतीने दिवसा आठ किंवा रात्री दहा तास वीज देण्याची पद्धत राज्यात अनेक वर्षे रूढ झाली. रब्बीत हरभरा आणि गव्हाला पाणी देण्याची वेळ आली की रात्रीच्या आवर्तनात शेतकरी विजेरी घेऊन बांधावर जातो आणि उजाडल्यावर दिवसाची कामेही त्यालाच करावी लागतात. थंडी, साप आणि रानडुकरांच्या भीतीची चर्चा होते, झोपेची होत नाही. दिवसा वीज मिळावी यासाठी राज्य शासनाने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा २०२३ मध्ये हाती घेतला. ज्या फिडरवर दिवसाचा पुरवठा सुरू होतो, तेथील शेतकऱ्याच्या पदरात विजेबरोबर झोपही पडते.

कायदा काय म्हणतो

चालकांच्या कामाच्या तासांचा कायदा नवा नाही. मोटार परिवहन कामगार कायदा, १९६१ नुसार प्रौढ कामगाराला दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा होती. लांब पल्ल्याच्या मार्गांवर परवानगीने ती दहा आणि ५४ तासांपर्यंत नेता येई. सलग पाच तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती बंधनकारक होती. मोटार वाहन कायदा, १९८८ नेही व्यावसायिक चालकांच्या तासांसाठी याच तरतुदींकडे बोट दाखवले. हा कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या वाहतूक संस्थांना लागू होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत तो विलीन झाला. दिवसाला आठ तासांचे तत्त्व तेथेही आहे, परंतु संहितेच्या व्याख्येत येण्यासाठी वाहतूक संस्थेत दहा कामगार असावे लागतात. दोन-तीन गाड्यांचा मालक हा तर या व्यवसायाचा नेहमीचा चेहरा आहे.

राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये कारखान्यांतील दैनंदिन कामाची मर्यादा नऊवरून बारा तासांपर्यंत वाढवण्यास मंजुरी दिली. जादा कामाचा मोबदला आणि कामगाराची संमती या अटी त्याला आहेत. बारा तास काम, दोन तास येणे-जाणे, सात तास झोप असे मांडले तर जेवण, अंघोळ, मुले आणि घर यांना तीन तास उरतात. हे गणित संमतीपत्रात लिहिलेले नसते.

युरोपीय महासंघात मालमोटार आणि बसचालकाला दिवसाला साधारणत: नऊ तासच वाहन चालवता येते. साडेचार तासांनंतर ४५ मिनिटे थांबणे सक्तीचे आहे आणि हे सारे गाडीतील यंत्र नोंदवून ठेवते. तपासणीत चालकाच्या शब्दावर विसंबावे लागत नाही. भारतातही असे तास निश्चित करावेत आणि मालमोटारींत चालकाला झोप येत असल्याचे ओळखणारी यंत्रणा बसवावी, अशी भूमिका केंद्रीय रस्ते वाहतूकमंत्री नितीन गडकरी यांनी २०२१ मध्ये मांडली होती. विमानसेवेत मात्र विश्रांतीचे नियम प्रत्यक्षात आले. वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती ३६ वरून ४८ तास करणारे आणि रात्रीच्या उतरणींवर मर्यादा घालणारे नियम २०२५ मध्ये दोन टप्प्यांत लागू झाले. त्यांच्यासाठी पुरेशी तयारी नसल्याने डिसेंबर २०२५ मध्ये देशातील सर्वांत मोठ्या विमान कंपनीची हजारो उड्डाणे रद्द झाली आणि नियमांत तात्पुरती सवलत द्यावी लागली. जमिनीवरच्या चालकाच्या विश्रांतीसाठी एकही बस रद्द झाल्याचे सहसा ऐकिवात येत नाही.

बसमध्ये दोन चालक असणे हा आवश्यक उपाय आहे. तो पुरेसा ठरतो की नाही, हे दुसरा चालक कोठे झोपतो यावर अवलंबून असते. केबिनमधील अरुंद फळीवर, हॉर्न आणि गाण्यांच्या आवाजात मिळालेली झोप तुटक असते. दिवसा गाडी पुण्यात किंवा नागपुरात उभी असताना अनेक चालक सामान ठेवण्याच्या डिकीत गोधडी अंथरतात. एसटीच्या मुक्कामी गाडीचे चालक-वाहक गावात पोहोचल्यावर बऱ्याचदा बसमध्येच, डास आणि थंडी सोसत झोपतात व पहाटेची पहिली फेरी काढतात. बसस्थानकात, पेट्रोल पंपावर किंवा महामार्गावरील सुविधा केंद्रात पंखा, पाणी, स्वच्छतागृह आणि अंधार असलेली खोली मिळाली, तर चालकाच्या झोपेत होणारी वाढ कोणत्याही प्रबोधनाच्या फलकापेक्षा मोठी असेल.

डॉक्टरांकडे केव्हा जावे

पुरेसे तास झोपूनही दिवसा पेंग येत असेल, घोरणे मोठ्याने असेल, झोपेत श्वास अडकल्यासारखा होऊन जाग येत असेल किंवा सकाळी डोके दुखत असेल, तर स्लीप ॲप्निया या विकाराची शक्यता तपासून घ्यावी. यात झोपेत श्वासमार्ग पुन्हा पुन्हा बंद होतो आणि माणूस रात्रभर अंथरुणात असूनही झोपलेला नसतो. वाढलेले वजन आणि जाड मान असलेल्या चालकांत तो अधिक आढळतो. त्याचे निदान झोपेच्या तपासणीने होते आणि श्वासमार्ग उघडा ठेवणाऱ्या यंत्राने, वजन घटवल्याने किंवा अन्य उपचारांनी तो आटोक्यात येतो. घोरणाऱ्याला स्वत:ला हे कळत नसल्याने डॉक्टरांकडे जाताना पत्नीला किंवा केबिनमध्ये शेजारी झोपणाऱ्या सहचालकाला सोबत न्यावे. पाळी बदलल्यानंतरही तीन-चार आठवडे झोप लागत नसेल, तर कुटुंबाच्या डॉक्टरांना आपल्या पाळ्यांचे वेळापत्रक दाखवावे आणि दोन आठवडे झोपण्या-उठण्याच्या वेळा वहीत लिहून ती वही सोबत न्यावी.